ऐंशी मिलिमीटरचा ब्रिज

"ब्रिजचा एक स्क्रू पडलाय. मिळेल का?"

तिने मान वर न करताच हात पुढे केला. "चष्मा द्या."

"चष्मा नाहीये."

आता मात्र तिने वर पाहिलं. काउंटरपलीकडे एक तरुण उभा होता. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, केसांत लाकडाचा भुसा, आणि नाकावर खरोखरच काही नव्हतं. चष्म्याच्या दुकानात ब्रिज म्हणजे नाकावर टेकणारा फ्रेमचा मधला भाग. तिचं अख्खं काम मिलिमीटरात चालायचं, त्यामुळे पुढचा प्रश्न सवयीनेच तोंडातून गेला.

"रुंदी किती?"

"ऐंशी मिलिमीटर."

चोवीसच्या पुढचं नाक तिने आजवर पाहिलं नव्हतं. तिने त्याच्या नाकाकडे नीट निरखून पाहिलं. सरळ, छान नाक होतं... अठराच्या वर जाणार नाही.

"कोणाचं नाक आहे हे?"

"नाक?" तो गडबडला, आणि मग एकदम खो खो हसत सुटला. "अहो, बास गिटारचा ब्रिज! घरी बनवतोय मी."

खिशातून त्याने एक जड धातूची पट्टी काढली. तिच्यावर चार छोट्या घोड्या होत्या, एकेका तारेला टेकायला एकेक. त्यातल्या एका घोडीचा स्क्रू पडला होता. हार्डवेअरवाल्याने हात वर करून त्याला इकडे पिटाळलं होतं.

"डोकं नसलेला स्क्रू हवाय," तो म्हणाला.

"डोकं नसलेली गिऱ्हाइकं रोज येतात. स्क्रूचं बघावं लागेल."

चष्म्याचे स्क्रू घोडीच्या भोकातून सरळ खाली पडले. शेवटी काच घासायच्या मशीनच्या सुट्या भागांत एक सापडला आणि तो चपखल बसला. तरुण आभार मानून निघालाही असता, पण तिला भारी चौकशा. लहानपणी तिने वडिलांचा रेडिओ उघडून ठेवला होता, त्याबद्दल बोलणी अजून खायची.

"आणि हा ब्रिज बसवायचा कुठे, हे कसं ठरवतात?"

त्याचा चेहराच पडला. "तिथेच तर घोडं अडलंय."

मोजून द्यायचं तिने अंगावर घेतलं, आणि सुट्टीच्या दिवशी ती मोजपट्टी आणि बारीक पेन पर्समध्ये टाकून त्याच्या घरी हजर झाली. दार त्याच्या आत्याने उघडलं. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा आणि आत्याकडेच राहायचा.

"त्या ओंडक्यासाठी आलीस होय?" आत्या म्हणाली. "माझ्या पलंगाची फळी आहे ती. बाई, तूच काय ते बघ. महिनोन्महिने नुसता पेन्सिलीने रेघा मारतोय, भोक पाडायची छाती होत नाही."

छाती होणार कशी? फळी एकच होती. ब्रिजची भोकं चुकली की त्या जाडजूड तारा ताणल्यावर सूर बेसूर, आणि आत्याचा पलंग फुकट. हिशोब तसा सोपा होता. वरच्या टोकाला तारा जिथून सुटतात तिथून गिटारच्या लांब गळ्यावरच्या बाराव्या पडद्यापर्यंत, म्हणजे धातूच्या बाराव्या आडव्या पट्टीपर्यंत मोजायचं, आणि तेवढंच अंतर पुढे घोडीपर्यंत.

"बाराव्याच का?" तिने विचारलं.

"तारेचा बरोब्बर मध्य तो. तिथे सूर बरोब्बर एक सप्तक वर जातो."

"आणि अकराव्यावर?"

"तुम्ही फार प्रश्न विचारता."

"मग विचारू नको?"

"नाही, विचारा ना..." तो बाजूला बघत म्हणाला.

त्या दिवशी फक्त ब्रिजसाठी फळीची मधली रेघ काढून झाली. गिटारच्या गळ्याच्या दोन्ही कडांनी दोरे ताणून दोघं फळीवर ओणवी झाली, आणि डोक्याला डोकं आपटलं. पुढच्या सुट्टीला दोरे पुन्हा ताणले. त्याच्या पुढच्या सुट्टीलाही. इतकी तपासणी तिने कुठल्या भिंगाची केली नव्हती. एकदा भोकं पडली, ब्रिज बसला, की या घरात यायला निमित्त उरणार नव्हतं, हे तिला पक्कं कळत होतं. 

शेवटी आत्याच वैतागली. "आज भोकं पाडा, नाहीतर मला माझी फळी परत द्या!"

त्याने ब्रिज ठेवला, ड्रिल उचललं.

"थांबा!" ती ओरडली. "कुठपर्यंत मोजलंत?"

"ब्रिजच्या मागच्या कडेपर्यंत. तार तिथेच संपते ना?"

"संपते कुठे त्याचं काय करायचंय? टेकते कुठे ते बघा! आमच्याकडे नवीन माणूस हमखास हेच करतो. फ्रेम मोजतो आणि डोळा विसरतो."

ब्रिज चांगला बोटभर मागे गेला. घोड्यांना पुढे-मागे सरकायला जागा ठेवून तिने बारीक ठिपके दिले. फळी तिने धरली. ड्रिल फिरलं, भुसा तिच्या मनगटावर उडाला.

"ही वायर कशाला?"

"अर्थिंगची. ब्रिजखाली दाबायची. नाहीतर स्पीकर घूं घूं करत बसतो."

स्क्रूंना साबण चोळून त्याने ते पिळले. तारा चढल्या. बाराव्या पडद्यावर त्याने तारेला आधी नुसतं बोट टेकवून वाजवलं, मग दाबून; दोन्ही वेळा एकच सूर यायला हवा होता. जाड तार दाबल्यावर जराशी चढी लागत होती. तिने घोडी पेचकसाने किंचित मागे घेतली. पुन्हा वाजवलं... दोन्ही सूर एक! तो खोल, जाड आवाज तिच्या पायांखालच्या फरशीतून वर आला. आनंदाने तिचे डोळेच भरून आले, आणि नुसत्या आनंदाने नव्हे.

तिने मोजपट्टी पर्समध्ये ठेवली. पेनाचं टोपण लावायला तिला उगाचच फार वेळ लागला.

"झालं की काम," ती म्हणाली. "आता मी काही येणार नाही. कशाला येऊ?"

तो उभा राहिला. गिटार त्याच्या हातातच होती.

"काम नसलं तरी... म्हणजे मला... मला तू आवडता."

 तिला हसू आवरेना.

"आधी नक्की करा. तू, की तुम्ही?"

त्याचे कान लाल झाले होते. पण या वेळी त्याने नजर वळवली नाही.

"तू."

"मग नीट म्हणा."

"मला तू आवडतेस."

"हं," ती म्हणाली. पर्स तिने खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवली. "आणि मला तू आवडतोस. केव्हापासून, ते मात्र विचारू नकोस."

"का? प्रश्न फक्त तूच विचारायचे?"