चुकीचा कप्पा

तीन वर्षांपूर्वी त्या दोघांची ओळख झाली ती शर्यतीत शेवटून पहिलं कुणी यायचं, यावरून. तेव्हा शर्यत म्हणजे बागेला चार फेऱ्या, कापडावर हाताने लिहिलेला नंबर आणि शेवटचा गडी येईपर्यंत टाळ्या वाजवत थांबलेली पाच-पन्नास माणसं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा, ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी. “तुम्ही व्हा पुढे,” तो धापा टाकत म्हणाला. “छे, तुम्ही…” तीही हटेना. लोकांनी त्याचं नाव कासव ठेवलं. दर रविवारी दोघं बरोबर धावू लागली, आणि ‘अहो-जाहो’ कधी गळून पडलं ते कळलंही नाही.

मग शर्यत मोठी झाली. हजारो माणसं, बुटाला चिप, कर्णे, कॅमेरे, आणि वेगाप्रमाणे पाडलेले कप्पे – जलद पुढे, रमतगमत येणारे मागे. त्यातच कासवाला पंख फुटले. गेल्या वर्षी तो पहिल्या कप्प्यात गेला, ती शेवटच्या, आणि एवढ्या गर्दीत गाठच पडली नाही. आता तर जलद धावणाऱ्यांच्या एका गटाने त्याला बोलावलं होतं. त्यांचा सराव रविवारीच. यंदाची शर्यत झाली की तो त्यांना कळवणार होता.

तिच्या जिवाला चैन पडेना. दुकानात तिने एका आजोबांचा डावा डोळाच दोनदा तपासला, उजवा तसाच राहिला. वहिनीने तर सुनावलंच, की अशी मूग गिळून बसलीस तर बस जन्मभर.

म्हणून तिने नोंदणी करताना चक्क थाप मारली. वेग दुप्पट सांगितला आणि पहिल्या कप्प्यात जाऊन उभी राहिली. तिथे सगळे होते, कासव तेवढं नव्हतं. टाचा उंचावून ती शोधते आहे तोवर शिट्टी झाली, आणि लोंढ्याबरोबर तीही सुटली. थोड्याच वेळात पोटात अशी कळ आली की ती दुभाजकावर बसली.

कप्प्यामागून कप्पे समोरून गेले. तो नव्हताच… गटाबरोबर कधीच पुढे गेला असणार. शेवटचा कप्पा आला, तेव्हा तिने बघायचंही सोडलं होतं.

“तू इथे? मी मागे शोधतोय तुला.”

“आणि मी पुढे… पण तू शेवटच्या कप्प्यात कसा?”

“वेग कमी सांगितला,” तो ओशाळून म्हणाला. “तू तिथे असशील म्हणून.”

तिला हसूही आलं आणि रडूही. “त्या गटात जाऊ नकोस,” ती म्हणाली. “म्हणजे – जा हवं तर. पण मला तू आवडतोस, एवढं ऐकून जा.”

तो तिच्या शेजारी बसला आणि त्याने तिचा हात हातात घेतला.

मागे राहिलेल्यांना उचलणारी गाडी आली. तिला आत घेताना गाडीतल्या डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या, तुम्ही धडधाकट आहात, पळा, अजून पोचाल.

“मी पोचलो,” तो म्हणाला, आणि तिच्यामागोमाग गाडीत चढला.