मिळाली, ये वर

बसा जवळ. आणि तो फोन पालथा ठेव रे, मध्येच उजळला तर मीच दचकायचो. ही गोष्ट आमच्या साडूची. खोटी वाटली तर त्यालाच विचारा. सांगणार नाही तो, पण चेहरा बघा.

साडू रस्त्याखालच्या गटारांत पेट्या बसवतो. साबणाच्या वडीएवढी पेटी. पाणी किती चढलं ते मोजते, तासातून एकदा बिनतारी हाक मारते आणि झोपते. ती हाक पार गावाबाहेरच्या टाकीवरच्या अँटेनाला पोचते. सेल वर्षानुवर्षं पुरतो. मी मेव्हणीला म्हटलंसुद्धा, नवऱ्यापेक्षा पेटी बरी, मोजकं बोलते.

काम जोडीनं करायचं. खालच्यानं पेटीला लोहचुंबक लावला की ती लगेच एक जादा हाक मारते. ती वरच्याच्या फोनवर दिसली की वरच्यानं ओरडायचं, "मिळाली, ये वर!" तोवर खालच्यानं जागा सोडायची नाही. साडूच्या जोडीदाराला सगळे काडी म्हणत. आईला एकुलता एक.

एकदा काडी खाली, साडू वर. हाक आली. पण नेमका साहेबांचा फोन, आणि साडू त्यांच्याशी हुज्जत घालत बसला. वरच्या अंगाला पाऊस झाला होता. लोंढा आला. दोर रिकामा वर आला. पार नदीपर्यंत शोधलं, काही नाही.

साहेब काय म्हणाले असतील? "पेटी अजून बोलतेय ना? मग जागेवरच आहे. लोंढा कसला आणि काय! पोरगं काम सोडून पळालं." घ्या! साडू भांडला, अर्ज केले, पाया पडला. पालथ्या घड्यावर पाणी. आणि इकडे काडीची आई रोज दारात उभी. "माझा कुठंय रे? तू सोबत होतास ना?" चिडचिडा झाला माणूस. मुलांवर ओरडायचा.

गेल्या डिसेंबरातला दुसरा मंगळवार. रात्री अकराला साहेबांचा हुकूम, "ती पेटी सारखी बडबडतेय. सेल संपेल. आत्ता जाऊन बघ."

"सोबत कोण?"

"मिळाला तर घे."

साडू पाय आपटतच गेला. एकटा. रस्त्यावर चिटपाखरू नाही. झाकण सरकवलं, टॉर्च मारला. पेटी अडकवायची कडी रिकामी. "पेटी वाहून गेली, हेच तर सांगत होतो मी," असं पुटपुटत त्यानं फोटो काढायला फोन वर केला.

फोनवर हाक आली.

तासाची नाही. जादा. चुंबकाची.

मग आणखी एक. आणखी एक...

गप रे. मध्ये बोलू नकोस.

चुंबक कोणीतरी लावल्याशिवाय... आणि लावणारा थांबत का नाही, ते साडूला कळलं.

वरून कोणी ओरडलंच नव्हतं.

तो गुडघ्यांवर बसला. रडत होता. तोंड भोकाशी नेलं.

"काडी... मिळाली रे! मिळाली, ये वर!"

फोन गप्प.

खाली लोखंडी पायरी वाजली.

मग तिच्या वरची...

मग तिच्याही वरची...

साडूनं डोळे गच्च मिटले. गालाजवळून काहीतरी गार गेलं. बस्स.

पहाटे साहेबांचा फोन. "पेटी बंद पडली! तोडलीस काय?" साडूनं फोन कापला, आणि थेट काडीच्या घरी गेला.

आई दारात नव्हती. आत होती, तोंडावर बोट ठेवून. "हळू. रात्री उशिरा आलाय. दमलाय."

कॉटवर पांघरूण नीट ओढलेलं. साडूनं टोक उचललं.

कोणी नव्हतं... गाळ होता. गटारातला, काळा, ओला. उशीपासून पायथ्यापर्यंत.

आईनं त्याच्या हातातून ते टोक काढून घेतलं, आणि पुन्हा गादीखाली खोचलं.