कॉइल तापली की आवाज बसतो

जळक्या कॉइलचा वास घेऊनच तो आमच्या दुकानात शिरला. बाहेर नांदेडचं ऊन, डोळ्यांवर गॉगल, अन् खांद्यावर हे एवढं स्पीकरचं धूड!

“व्हॉइस कॉइल गेली बघा मॅडम. पुन्हा.”

“वरातीत आवाज दबला, की तुम्ही व्हॉल्यूम वाढवता. हो ना?”

“मग? लोक नाचून राहिले असतेत...”

“अहो, आतली तार तापली की आवाज आपोआप बसतो. ती बिचारी दमलेली, अन् तुम्ही वरून अजून हाणता!”

तो हसला. गालाला खळी पडली... मेली ती खळी!

तो उमाशंकर, उदगीरचा साऊंडवाला. मी लुंबिनी, बाबांच्या माघारी रिपेरीचं दुकान चालवणारी. कॉइल किती तापली ते दाखवणारं मीटर मी त्याला बसवून दिलं. तेव्हापासून दर वरातीतून फोन.

“दीडशे डिग्रीवर गेलंय. काय करू?”

“कमी करा.”

“आवाज — का तुमची आठवण?”

“आधी आवाज!”

एकदा तोच म्हणाला, “लुंबिनी, तुझ्याबिगर करमत न्हाई गं.” मी तर कधीचीच बुडाले होते. राहिलं होतं एकच — त्याच्या वडलांना सांगणं. ते लिंगायत, आम्ही बौद्ध. “सांगतो ना... दिवाळी होऊ दे,” म्हणायचा. दिवाळी झाली, संक्रांतही झाली.

मग एका दुपारी तो वडलांनाच घेऊन आला. सांगितलं वाटतं! मी चहा मागवला, ओढणी सारखी केली.

त्याचे वडील गुरुबसप्पा खुर्चीत टेकले. “पोरी, याचं लग्न ठरलंय. साऊंड घरचाच लावायचा. वरातीत तू मीटरपाशी थांब, स्पीकर जळाया नकोत.”

मी उमाशंकरकडे बघितलं. तो टेबलावरच्या पान्याशी चाळा करत होता.

“तू असलीस... तर काळजी न्हाई,” तो पुटपुटला.

काळजी! माझं डोकंच सणकलं.

“काका, आमचं एकमेकांवर प्रेम आहे,” मी सांगून टाकलं.

गुरुबसप्पांनी लेकाकडे मान वळवली. “खरं हाय का रे?”

एक ‘हाव’ म्हण रे राजा... त्या एका शब्दावर मी साऱ्या जगाशी भांडले असते.

त्यानं पाना खाली ठेवला.

“चला अप्पा,” तो म्हणाला, “गाडी चुकंल.”