दिव्याजवळची नर्स

"माजी सून चोर नाय, सायेब! कोन म्हनतो तिला बाटलीचा नाद हाय?"

शीव कोळीवाड्याच्या काशीबाई गिरगावातल्या एका बिऱ्हाडात शिरल्या त्या भांडायच्याच तयारीने. खासगी तपासाची कामं करणाऱ्या शरदचंद्र कोठाऱ्यांनी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. शरदचंद्रांचा मित्र हरेश्वर मात्र घाबरून उठून उभा राहिला.

काशीबाईंची सून अंबिका परळच्या एका खासगी इस्पितळात नर्स होती. पाचवा महिना चालू होता. आदल्या दिवशी शस्त्रक्रियेच्या वेळी ती कोसळली. ती भुलीचं औषध, क्लोरोफॉर्म, चोरून हुंगते, असं डॉक्टर विजयकरांचं म्हणणं. संध्याकाळपर्यंत कबूल झाली नाही, तर पोलिसांत देणार होते.

"पोटातलं मूल?" शरदचंद्रांनी विचारलं.

"हालतंय. पन पोरीचा आवाज पार बसलाय. खोकला थांबत नाय."

इस्पितळात डॉक्टर विजयकरांनी शरदचंद्रांना आणि हरेश्वरला दारातच उभं ठेवलं. "मी कोणाला जाब देत नाही, तुम्हालाही देणार नाही. दिव्याजवळ जीव घाबरतो, दुसरं काम द्या, म्हणून ती माझ्यामागे लागली होती. कामचुकार बाई!" बोलताना त्यांना ठसका लागला.

"बाटली कुठे होती?"

"तिच्या साडीच्या ओच्यात. अंबिका कोसळली तेव्हा मी स्वतः काढली. माझा शब्द पुरेसा आहे."

"झालं की!" बाहेर आल्यावर हरेश्वर म्हणाला. "बाटली तिच्यापाशी सापडली. आणखी काय हवं?"

शरदचंद्र शस्त्रक्रियेच्या खोलीच्या खिडक्या बघत होते. सगळ्या बंद होत्या आणि चौकटीत नवे कोरे खिळे.

"मी ठोकले," नोकर दगडू गुरगुरला. "धूळ येते म्हणून डॉक्टरांचा हुकूम. आता मला नका अडकवू." तोही खोकला. "तेव्हापासून त्या खोलीत सगळ्यांचाच घसा जळतो."

मुख्य नर्स मालन त्याहून कडू निघाली. "माझी नोकरी घालवायला आलात?"

"अंबिका कुठे उभी होती, एवढंच सांगा."

"रोग्याच्या डोक्याशी, घासलेटचा दिवा धरून. खालीच क्लोरोफॉर्मचा रुमाल." ती थांबली. "काल सकाळी साडीच्या निऱ्या तिच्या पोटाला काचत होत्या, म्हणून माझा सैल झगा घालायला दिला. वर गळ्यापासून पायांपर्यंत एप्रन. बस, जा आता."

संध्याकाळी डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. अंबिका सासूच्या आधाराने उभी होती.

"क्लोरोफॉर्म हुंगला तर माणूस झोपतो," शरदचंद्रांनी सुरुवात केली. "त्याचा वास गोडसर असतो, घसा जळत नाही. पण त्याची वाफ दिव्याच्या ज्योतीला लागली की तिचा विषारी वायू होतो. विलायती वैद्यकीय मासिकांत हे छापून आलंय. खिडक्या खिळल्यावर तो वायू कोंडला. दगडू खोकतो, डॉक्टर, तुम्हीही खोकता. आणि अंबिका तर ज्योतीपाशीच उभी होती."

"मग बाटली?" हरेश्वरने विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, साडीच्या ओच्यातून काढली. काल तिच्या अंगावर साडी नव्हतीच. झगा होता, त्याला ओचा कुठला? वरून एप्रन, म्हणून यांना ते दिसलं नाही. खिडक्यांचा हुकूम यांचा. बोभाटा झाला असता तर इस्पितळात कोण आलं असतं? म्हणून बाटली यांनीच पुढे केली."

डॉक्टर मालनकडे वळले. "मालन, साडीच होती. सांग यांना. नोकरी हवी ना?"

"झगाच होता," मालन म्हणाली. "मी माझ्यासाठी शिवलेला. मलाही तिसरा महिना चालू आहे. तिच्यानंतर दिवा माझ्याच हातात आला असता."

"चालती हो," डॉक्टर म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

पोलिसांची धमकी त्यांनी मागे घेतली. माफी मात्र मागितली नाही. शरदचंद्र पायऱ्या उतरले तेव्हा त्यांचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

मालन गाठोडं घेऊन फाटकाशी उभी होती. काशीबाई तिच्यावर खेकसल्या, "बगतेस काय? घरी बाळंतपनाला कोन हाय तुला?"

मालनने मान हलवली. कोणी नव्हतं.

"मंग चल," काशीबाई म्हणाल्या आणि तिच्या काखेतलं गाठोडं त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतलं.