पाहणीस लागलेला वेळ

"त्या भिंतीला टेकू नका, पाडायची हाय म्हणं ती."

रुद्राणी दचकून बाजूला झाली. मागे किल्ल्यांचा जुडगा घेऊन ग्रंथालयाचा सहायक उभा होता, मोहोळचा सिद्धनाथ. डोळ्यांत मिस्कील हसू. तिला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'पाडण्यास हरकत नाही' हे तिनेच तर लिहिलं होतं!

एका नामवंत वास्तुकाराने उमेदीच्या काळात सोलापूरच्या या विद्यापीठात तीन इमारती बांधल्या होत्या; हे ग्रंथालय त्यांतलंच एक. त्याच्या चाहत्यांनाही त्या ठाऊक नसत. इमारत पाडावी की राखावी, या पाहणीचं काम रुद्राणीच्या कंपनीकडे आलं. मे महिना, बेचाळीस डिग्री... बाईसाहेबांनी एसी गाडीतूनच फोटो काढले आणि फॉर्म भरून टाकला. आज फक्त मापं घ्यायची राहिली होती.

"आत या की. बाहेरनं काय कळतंय?"

आत विटांच्या जाळीतून गार झुळूक येत होती.

"पंखा कुठाय?"

"लागतच न्हाय."

त्याने खिडकीचा काँक्रीटचा कट्टा दाखवला. त्यावर एका पंजाचा ठसा होता. "आमची आज्जी, चंद्रव्वा. हितंच घमेली वाहिली तिनं. ओल्यात हात उमटला. मुकादम पुसायला निघाला, तर इमारत बांधणारे साहेब म्हणले, राहू दे."

रुद्राणीने त्या ठशात हात ठेवला. तिला त्याच्याकडे बघवेना.

तरी दुसऱ्या दिवशी ती आली. तिसऱ्याही.

"अजून मापं संपली न्हाईत व्हय?"

"भिंती... फार लांब आहेत."

तो हसला, की तिला आनंद व्हायचा, आणि लगेच स्वतःची लाज वाटायची. आठव्या दिवशी तिला राहवलं नाही.

"सिद्धनाथ, तो फॉर्म... मी भरलाय. आत न येता."

त्याने टेबलाच्या खणातून ग्रंथालयाकडे आलेली त्या फॉर्मचीच प्रत काढली. पाहणीस लागलेला वेळ – दहा मिनिटं. खाली तिची सही. तिचे कान तापले.

"पहिल्यापासून माहीत होतं तुम्हाला?"

"व्हय. लई राग आलता."

"मग रोज दार का उघडलंत?"

"आधी तुमाला इमारत आवडावी म्हणून. मग..." तो किल्ल्यांशी चाळा करू लागला, "मी आवडावा म्हणून."

रुद्राणीने कोरा फॉर्म काढला. 'पहिली पाहणी मी आत न जाताच केली होती. ती रद्द समजावी. इमारत जतन करावी.'

"नोकरी जाईल की तुमची!"

"जाऊ दे."

शेवटच्या रकान्याशी ती थबकली. तो वाकून बघत होता, अगदी जवळून. लाजेने मान वर न करताच तिने लिहिलं – 'आठ दिवस. अजून चालू आहे.'