महापौर निवासातली वीस मिनिटं

"ही खुर्ची मुद्दाम फाटकी ठेवलीय, की कुणी भांडून फाडलीय?"

मी मान वर केली नाही. दोरीपलीकडून असले प्रश्न दिवसातून दहादा येत. पण त्या आवाजात हसू होतं, आणि ते दाबायची धडपडही... म्हणून मग केली वर.

बस ड्रायव्हरचा गणवेश. खांद्यांवर पावसाचे थेंब. हातातलं तिकीट शहाण्या मुलासारखं छातीशी धरलेलं.

"दोन्ही नाही," मी म्हणाले. "जुने महापौर इथे बसून लोकांच्या तक्रारी ऐकायचे. ऐकता ऐकता खुर्चीच्या हातावर अंगठा घासायचे. सतरा वर्षं. तेवढीच जागा विरलीय, बघा."

"सतरा वर्षं तक्रारी! आणि फक्त कापडच विरलं?"

मला हसू फुटलं, आणि सुईतून धागा निसटला.

मी रफूचं काम करते. वडिलांच्या हाताखाली शिकले. महापौरांचं ते जुनं घर लोकांना बघायला खुलं केलं, तेव्हा तिथल्या खुर्च्या आणि मखमली पडदे दुरुस्त करायचं पाच महिन्यांचं काम मला मिळालं. अट एकच – काम लोकांसमोर करायचं. म्हणजे दोरीच्या अलीकडे मी, माझं भिंग आणि रंग जुळवून मांडलेली रिळं. पलीकडे सगळं शहर.

त्याच्या बसची फेरी समोरच्याच थांब्यावर संपायची. परत सुटायला वीस मिनिटं. बाकीचे ड्रायव्हर तेवढ्यात चहा पिऊन घेत. हा मात्र दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्याही. तिकीट खिडकीतल्या मावशी तर लांबूनच हाक द्यायच्या, "आले गं तुझे वीसमिनिटे!" जणू ते त्याचं आडनावच.

"बाकीचं घर कधी बघितलंत का?" एकदा मी विचारलं. "वर अभ्यासिका आहे, गच्ची आहे..."

"नाही. या पहिल्याच खोलीत वेळ संपतो."

"एका खोलीला वीस मिनिटं?"

"बघण्यासारखं बरंच आहे हो इथे," तो म्हणाला – आणि घाईघाईनं छताकडे बघू लागला. छताला एक पंखा होता. तोही बंद.

साडेअकरा वाजत आले, की माझे कान रस्त्यावर जायचे. गाड्या येत-जात, पण त्याच्या बसचा ब्रेक मला नेमका ओळखू यायचा. मग उगाच केस कानामागे सारायचे, उगाच भिंग पुसायचं... आणि तो आत आला, की अगदी कामात बुडाल्यासारखं दाखवायचं.

चौथ्या महिन्यात मी त्याला सांगितलं, "पुढचं काम लागलं. समुद्राकाठच्या शहरात. तिथलं संग्रहालय, दीड वर्ष."

"किती लांब?"

"आठ तास."

"बसनं?"

"बसनं."

तो नुसती टोपी हातात फिरवत राहिला. आणि वीस मिनिटं व्हायच्या आतच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. चौथ्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही. बस मात्र रोज वेळेवर यायची. शेवटी न राहवून मी थांब्यावर गेले. स्टिअरिंगवर एक मिशीवाले काका.

"तो होय? त्यानं बदली मागून घेतली, ताई. लांब पल्ल्याच्या गाडीवर."

मागून घेतली. स्वतःहून. हे शब्द काट्यासारखे रुतले. त्या आठवड्यात मी एकच पडदा तीनदा उसवला. घरी बाबांनी माझ्या हातातला नमुना उजेडात धरला आणि म्हणाले, "गाठी दिसतायत, पोरी. हात इथे, लक्ष कुठे?" मी म्हटलं, डोळे थकलेत. बाबांनी पुढे विचारलं नाही, पण चहा त्यांनीच केला.

कामाचा शेवटचा दिवस. पाहुण्यांचा एक घोळका आत आला, आणि त्यात... चौकड्यांचा शर्ट, त्याला इस्त्रीची कडक घडी. गणवेशाशिवाय तो मला क्षणभर ओळखूच आला नाही.

"आज सुट्टी आहे," तो म्हणाला. "अख्खा दिवस."

"बदली मागितलीत म्हणे." माझा आवाज मलाच परका वाटला. "सांगून गेला असतात तर काही बिघडलं असतं?"

"ठरलं की सांगणार होतो. मग जे ठरलं, ते... सांगवेना."

"मागचे लोक, चला वर!" गाईडबाई ओरडल्या. मी सुई टोचून ठेवली, दोरी ओलांडली आणि त्याच्याबरोबर जिना चढले. पाच महिन्यांत मीही कधी वर गेले नव्हते. जिना अरुंद. खांद्याला खांदा लागला. दोघांनीही तो बाजूला घेतला नाही. अभ्यासिकेत भिंतभर शहराचा नकाशा होता, शेजारच्या खोलीत एवढ्या मोठ्या माणसाचा एवढासा पलंग. गाईडबाई काय सांगत होत्या, कुणास ठाऊक.

गच्चीवर भुरभुर सुरू झाली. लोक आत पळाले. आम्ही राहिलो.

"मी तुमच्या त्या शहराची गाडी मागितली होती," तो म्हणाला.

"मग?"

"गाडी मिळाली. पण उलट्या दिशेची... डोंगराकडची."

मी त्याच्याकडे बघत राहिले आणि खळखळून हसले. हसता हसता डोळे कधी भरले, कळलंच नाही.

"अर्ज नीट लिहायचा ना!"

"तीनदा लिहिला. त्यात कारण विचारतात. मी 'वैयक्तिक' लिहिलं. साहेब म्हणाले, वैयक्तिक कारणं सगळ्यांनाच असतात."

"आणि काय होतं ते कारण?" मला माहीत होतं. तरी ऐकायचं होतं.

त्यानं या खेपेला नजर चुकवली नाही. "तुम्ही."

"तुम्ही नको," मी म्हणाले. "तू म्हण."

"तू," तो म्हणाला. एकच अक्षर. त्यानं ते इतकं जपून उच्चारलं, की मला वाटलं, हे आजवर मला कुणी म्हटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर आमच्या गाड्या शेजारीशेजारी लागल्या होत्या. त्यानं माझी बॅग वर चढवली, मला खिडकीची जागा बघून दिली.

"महिन्यातून दोन सुट्ट्या जोडून मिळतात," तो म्हणाला. "आठ तास यायला, आठ तास जायला."

"म्हणजे झोपेलाही वेळ नाही."

"तू जागी राहशील ना? मग झालं."

माझी गाडी आधी हलली. पाऊस काचेवरून ओघळत होता. मी मागे वळून बघितलं. तो आपल्या गाडीत चढला होता, सुटायला त्याला अजून अवकाश होता. भर उजेडात त्यानं गाडीचे दोन्ही दिवे लावले – आणि मी वळणाआड जाईपर्यंत ते विझवलेच नाहीत.