झीनतचा सकाळचा गुडघा

झीनत सकाळी लंगडायची आणि संध्याकाळी धावायची. हे कोडं शाल्मलीला काही केल्या सुटत नव्हतं. शाल्मली मिरजेतल्या शाळेच्या खो-खो संघाची कप्तान आणि झीनत त्याच संघातली. मैदानावरचा यंत्रमानव टिपक्या प्रत्येकीची चाल टिपायचा. तोही हेच सांगत होता. शेवटी सकाळच्या सरावाला शाल्मली सगळ्यांसमोर म्हणाली, "दुखणं काय घड्याळ बघून येतं? पळायचा कंटाळा आहे तुला. नाटकी कुठली."

मुली हसल्या. झीनत कुंपण धरत धरत निघून गेली.

घरी जेवताना शाल्मलीने हा किस्सा आजोबांना रंगवून सांगितला. आजोबा शरीराच्या बचावशक्तीवर संशोधन करायचे. ते हसले नाहीत. त्यांनी भिंतीवर एका सांध्याचं जिवंत चित्र उमटवलं. आतल्या अस्तराला (सांध्याच्या आतला पातळ पडदा) गोल गोल पेशी झोंबत होत्या.

"जंतू आहेत का?"

"नाही. या शरीराच्याच पांढऱ्या पेशी, म्हणजे रक्तातले शिपाई. कधीकधी ते आपल्याच सांध्याला परका समजून त्याच्यावर तुटून पडतात. याला स्वप्रतिकारक आजार म्हणतात. मुलांनाही होतो. रात्रभर हालचाल नसली की सुजलेला सांधा आखडतो आणि दिवसा वापरात आला की सैल होतो."

शाल्मलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "म्हणजे झीनतला..."

"तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. तू विचारलंस का तिला, काय होतंय म्हणून?"

तिने मान खाली घातली. ताटातली भाकरी तशीच राहिली.

"हा आजार का होतो, आजोबा?"

"पुरतं कळलेलं नाही. काही जन्मतः येतं, काही बाहेरचं निमित्त. रुग्णाची चूक मात्र नसते. जुनी औषधं सगळ्याच शिपायांना ढिलं करायची. आता आम्ही चिडलेल्या शिपायांना आवरणाऱ्या पेशी रुग्णाच्याच रक्तातून घेतो, वाढवतो आणि परत सोडतो. काही मुलांना चांगला गुण आलाय."

दुसऱ्या दिवशी सरावाआधी शाल्मली संघासमोर उभी राहिली. "काल मी झीनतला नाटकी म्हटलं. न विचारता म्हटलं. खोटं मी बोलले, ती नाही."

मग ती झीनतजवळ जाऊन बसली. "सकाळी काय होतं गं तुला?"

झीनतने गुडघ्यावरून हात फिरवला. "अंथरुणातून उठवायला अम्मी लागते. वाढीचं दुखणं असेल म्हणते ती. मी सांगितलं असतं. कुणी विचारलंच नाही."

त्याच आठवड्यात आजोबांच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी झीनतला तपासलं. आजार तोच निघाला. तो वेळेवर सापडल्यामुळे सांधा वाचवता येईल, असं त्या म्हणाल्या. उपचार सुरू झाले. सराव आता संध्याकाळी असतो. झीनत दिसली की शाल्मलीची नजर अजून खाली जाते.

"मान वर कर," झीनत म्हणते. "खाली बघत राहिलीस तर खो कुणाला देशील?"